सातूच्या पिठात सातू असतो का?

परसदार

नमस्कार मंडळी. तीन आठवडे हा प्रश्न डोक्यात आहे, इथे जाणकार भेटतील म्हणून धागा काढतेय.

आईची साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, एका वेळचा भात बंद करून बार्ली घेऊन बघा. आई लगेच म्हणाली, "बार्ली म्हणजे सातूच ना? मग आपण दर उन्हाळ्यात खातोच की!" तिच्या हातचं सातूचं पीठ मी लहानपणापासून दूध-गुळात कालवून खात आलेय, पण ते करतात कसं हे कधी विचारलं नव्हतं. परवा विचारलं. दोन वाट्या गहू, पाण्याचा हात लावून, कांडून, पाखडून, खमंग भाजायचे. एक वाटी पंढरपुरी डाळं. सुंठ, वेलची. दळून आणायचं.

मी म्हटलं, "आणि सातू?" आई गप्पच झाली. तिच्या आईनेही कधी घातला नव्हता.

मग खरा सातू आणायला निघाले. वाण्याकडे "जव द्या" म्हटलं तर त्याने जवसाची पुडी बांधली. दुसऱ्या दुकानातही तेच. शेवटी पूजेच्या सामानाच्या दुकानात पाव किलो जव मिळाले. रात्रभर भिजवले, कुकरला सहा शिट्ट्या दिल्या, वर तूप-जिऱ्याची फोडणी घातली. पहिल्याच घासाला आईला ठसका लागला. दाणा आतून छान मऊ झाला होता, पण वरचं पिवळं टरफल जसंच्या तसं कडक, आणि काही दाण्यांच्या टोकाला कुसळाचे तुकडे. ताटाच्या कडेला चोथ्याची रास पडली. आईने काही न बोलता ताट बाजूला सारलं. मला फार वाईट वाटलं, कारण ती हौसेने बसली होती.

सातू, जव, बार्ली हे एकच ना? कुठला आणायचा? आणि आपल्या पिठातून तो गेला कुठे?

ओसरी

आमच्याकडेही गहू आणि डाळंच. सासूबाई त्यात थोडे तांदूळही भाजून घालतात. सातू मीही कधी पाहिला नाही. वाचतेय.

फोडणीचा_डबा

परसदार, तू आणलास तो टरफलासकटचा दाणा. तो घटाला आणि होमाला चालतो, ताटाला नाही. गहू मळला की साल आपोआप सुटतं, दाणा मोकळा होतो. जवाचं टरफल दाण्याला चिकटलेलं असतं, साळीपेक्षाही घट्ट. कितीही शिट्ट्या दे, ते सुटणार नाही.

बाजारात खायचा जव दोन तऱ्हेचा मिळतो. एक नुसतं टरफल काढलेला अख्खा, तपकिरी छटेचा. त्याला मी हातसडीचा म्हणते, तांदळासारखा. दुसरा घासून पांढरा केलेला, मोत्यासारखा गोल, पोटावर एक काळसर रेघ. त्यावर "पर्ल बार्ली" लिहिलेलं असतं. आईला दातांचा त्रास असेल तर आधी हाच आण.

हातसडीचा आठ तास भिजव. एकास तीन पाणी, पाच-सहा शिट्ट्या, मग दहा मिनिटं मंद आच. पर्लला अर्धा तास भिजवणं आणि तीन-चार शिट्ट्या पुरतात. वरचं पाणी फेकू नकोस. ते थोडं बुळबुळीत लागतं, त्यात लिंबू, मीठ, भाजलेलं जिरं घालून गरमच पी.

पूजेच्या दुकानातला जव नको आणि बियाण्याच्या दुकानातला तर अजिबात नको. बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं.

पोथीवाला

शब्दाबद्दल लिहितो. मूळ संस्कृत शब्द सक्तु. त्याचा अर्थ धान्य नव्हे, भाजलेल्या धान्याचं पीठ. ऋग्वेदातल्या ज्ञानसूक्तात उपमा आहे: सक्तू चाळणीने चाळावा तशी शहाण्यांनी मनाने वाणी पारखून घेतली. धान्याचं नाव वेगळं, यव. त्याचा झाला जव.

महाभारतातली अर्ध्या सोन्याच्या मुंगसाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. युधिष्ठिराच्या अश्वमेधात येऊन ते मुंगूस म्हणतं, या यज्ञाला त्या ब्राह्मणाच्या सक्तूची सर नाही. शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारं ते कुटुंब, दुष्काळाचे दिवस, कसाबसा मिळालेला शेरभर यव. त्याचा त्यांनी सक्तू केला, आणि चौघं खायला बसणार इतक्यात दारात पाहुणा आला. म्हणजे सक्तू यवाचाच असल्याचं तिथे स्वच्छ सांगितलं आहे.

पुढे हिंदीत सत्तू हे पीठाचंच नाव राहिलं, फक्त बिहारकडे आत हरभरा आला. मराठीत मात्र पिठाचं नाव दाण्याला चिकटलं. आपण जवालाच सातू म्हणू लागलो. मग आपल्या भागात दाणा मिळेनासा झाला, पिठात गहू-डाळं आलं, आणि पिठाने नाव तेवढं सोडलं नाही. तुमच्या आई चुकलेल्या नाहीत. भाजलेल्या धान्याचं पीठ ते सातूचं पीठ, हा जुना अर्थ त्यांच्या डब्यात अजून जिवंत आहे.

जवस वेगळं, ती अळशी. आणि हिंदीतली जई म्हणजे ओट्स. हा तिसरा गोंधळ उत्तरेत राहणाऱ्यांचा होतो.

आमच्या घरी नांदीश्राद्धात तिळाऐवजी यव लागतात, म्हणून डबा भरलेला असतो. पण त्यातला दाणा मीही कधी शिजवून पाहिला नव्हता. आता पाहीन, टरफल काढलेला आणून.

परसदार

पोथीवाला काका, हे आईला मोठ्याने वाचून दाखवलं. "चुकलेल्या नाहीत" ऐकून तिचा चेहरा खुलला.

शेखावाटीकर

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीनिमित्त अकरा वर्षं राजस्थानात सीकरजवळ आहे. इथे जौ म्हणजे रोजचा सोबती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

देशात सगळ्यात जास्त जव राजस्थानात होतो, त्याखालोखाल उत्तर प्रदेशात. ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर पेरणी, मार्चअखेर काढणी. शेजारच्या शेतकऱ्याचं गणित अगदी साधं आहे. गव्हाला पाच-सहा पाणी लागतात, जवाचं दोन-तीनवर भागतं. त्याच्या विहिरीचं पाणी मचूळ. चहा केला तर दूध फाटायची भीती. त्या पाण्यावर गहू पिवळा पडतो, जव उभा राहतो. खारवट जमीन सोसण्यात धान्यांमध्ये जवाचा नंबर फार वरचा आहे. शिवाय पन्नास-पंचावन्न दिवसांनी एकदा हिरवा चारा कापून घेतात, एक पाणी देतात, आणि त्याच बुंध्यातून पुन्हा फुटून दाणा येतो. जनावराचंही झालं, घराचंही.

फेब्रुवारीत शेत बघण्यासारखं असतं. ओंबीपेक्षा कुसळं लांब. वारा आला की सगळं शेत एका अंगाला झुकतं आणि कुसळांवर ऊन पडून चांदीसारखी लाट जाते. काढणीला मात्र तीच कुसळं बाह्यांत, मोज्यांत, गळ्याशी. मी एकदा मदतीला गेलो होतो, दोन दिवस मान खाजत होती.

खाण्यात जव-हरभऱ्याच्या मिश्र पिठाची रोटी, तिला बेजड म्हणतात. उन्हाळ्यात राबडी: जवाचं पीठ ताकात कालवून उन्हात आंबवायचं, संध्याकाळी शिजवायचं, सकाळी गार प्यायची. चव आपल्या आंबिलीची बहीण. टरफल काढायला इथल्या बायका दाण्याला पाण्याचा हात लावतात, उखळात कांडतात, सुपात पाखडतात. परसदार, तुमच्या आईची गहू कांडायची रीत शब्दशः हीच. मला तर वाटतं, कृती जवाची होती आणि तीच गव्हाला लागली.

भावाचं दुखणं आहेच. रब्बी विपणन हंगाम २०२५-२६ साठी जवाचा हमीभाव क्विंटलला १,९८० रुपये होता, गव्हाचा २,४२५. आणि सरकारी खरेदीचा भर गव्हावर. त्यामुळे पाणी मिळालं की माणूस जव सोडून गव्हाकडे जातो. त्याला दोष कसा द्यायचा?

माळरान

शेखावाटीकर दादा, मग आपल्याकडे का होत नाही? माझं शेत करमाळ्याकडे, पाणी कमी, म्हणून विचारतोय.

शेखावाटीकर

माळरान, माझं मत सांगतो. जवाला लांब आणि कडक थंडी आवडते, आपली थंडी आखूड. त्याला पाणी साचलेलं सोसत नाही, आणि भारी काळी जमीन ओल धरून बसते. त्याच ओलीवर आपली शाळू ज्वारी येते, तीही बिनपाण्याची आणि कडब्यासकट. शाळूला हलवून जव लावण्यात मला अर्थ दिसत नाही. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत दोन गुंठे हौसेने करून बघा, पण विकायचा कुठे हे आधी ठरवा. बियाण्यासाठी कर्नालला गहू आणि जव यांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, जयपूरजवळच्या दुर्गापुऱ्याच्या केंद्राचे वाणही चांगले चालतात.

घोडनदीकाठ

इथे मला राहवत नाही. "आपल्याकडे होत नाही" हे आजचं झालं. तीन हजार वर्षांपूर्वी होत होता, आणि भरपूर!

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून बारा-तेरा वर्षांहून अधिक काळ उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही पुरातत्त्वज्ञ मंडळी त्यात होती. साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० एवढा काळ तिथे वस्ती होती. घरांत आणि बळदांत जळून कोळसा झालेलं धान्य सापडलं. जळलं म्हणूनच टिकलं. त्यात गहू आहे, मसूर आहे, वाटाणा आहे, पण मुख्य धान्य जव. नदीच्या पुराचं पाणी वळवायला त्यांनी बांध घालून पाट काढला होता. पाच खोल्यांचं एक मोठं घर सापडलं, ते गावाच्या प्रमुखाचं मानतात, आणि त्याला लागून धान्याचं कोठार.

शेवटच्या तीन शतकांत हवामान कोरडं होत गेलं. चौकोनी मोठ्या घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती हटली, गुरं-मेंढरं आणि शिकार वाढली, आणि मग वस्तीच उठली.

माझं आजोळ त्या भागातलं. लहानपणी त्या पांढरीवर खापरं वेचायचो. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची राखाडी माती. आजी म्हणायची, तिथे काही पेरू नये. आज आजूबाजूला सगळा ऊस आहे. त्या उसाच्या फडात उभं राहून इथे कधी सातूच्या ओंब्या डोलत होत्या हे आठवलं की अंगावर काटा येतो. पुण्यात असाल तर येरवड्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय जरूर पाहा.

ओसरी

घोडनदीकाठ, किती सुंदर लिहिलंत. शिरूरला दर महिन्याला जाते, इनामगावची पाटी कधी थांबून पाहिली नव्हती.

बाह्यरुग्ण

परसदार, मी डॉक्टर आहे, पण तुमच्या आईला तपासलेलं नाही, हे धरून वाचा.

जवात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. फोडणीचा डबा यांनी पाणी बुळबुळीत लागतं म्हटलं ना, ते त्याच्यामुळेच. पोटात तो दाट होतो, त्यामुळे पिठूळ भाग सावकाश पचतो आणि साखर एकदम चढत नाही. कोलेस्टेरॉलवरही त्याचा उपयोग होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली जवाच्या पदार्थांवर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापायला परवानगी दिली, त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनचं प्रमाण धरलं आहे. कोरड्या दाण्यात हे मोजलं तर साधारण ६० ते ७५ ग्रॅम, म्हणजे बरीचशी भरलेली लहान वाटी.

जवाचं एक वैशिष्ट्य मला फार मोलाचं वाटतं. गव्हाचा तंतू बहुतेक कोंड्यात असतो, मैदा केला की गेला. जवाचा बीटा-ग्लुकन दाण्याच्या गाभ्यापर्यंत पसरलेला असतो. म्हणून घासून पांढरा केलेला जवही निरुपयोगी होत नाही. हातसडीचा सरस, पण आईंना चावत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका.

चरकसंहितेतही प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहाच्या जातीच्या आजारांच्या, आहारात यवाला पहिलं स्थान आहे. इतक्या जुन्या निरीक्षणाला आज कारण सापडतंय याचा मला मनापासून आनंद होतो.

आता सावधगिरी. जवात ग्लूटेन असतं. ज्यांना सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा आजार, आहे त्यांना तो पूर्ण वर्ज्य, "गहू सोडून जव खा" हा सल्ला त्यांना कुणी देऊ नये. सुरुवात अर्ध्या वाटीने करा, नाहीतर पोट फुगतं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर बदल डॉक्टरांना सांगून करा. आणि सातूचं गाळलेलं पाणी म्हणजे सातू खाणं नव्हे, दाणा पोटात गेला पाहिजे. मुतखड्यासाठी लोक हे पाणी पितात. तिथे मुख्य काम भरपूर पाणी पिण्याचं आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पाणी मोजून सांगितलेलं असेल तर हा प्रयोग नको.

अंकुर_७

मी हरियाणात माल्टच्या कारखान्यात काम करतो. आमच्या कामाला घरी नावं ठेवतात, कारण माल्ट म्हटलं की लोकांना फक्त बिअर आठवते. पण लहानपणी दुधात घातलेली ती तपकिरी पूड, बिस्किटातला माल्ट, हेही यातूनच येतं.

काम काय? जव दीड-दोन दिवस भिजवायचा, मधूनमधून पाणी काढून त्याला हवा द्यायची, नाहीतर दाणा गुदमरतो. मग गार हवेत चार-पाच दिवस मोड आणायचे. दाण्याच्या आत, टरफलाखालून कोंब सरकत पुढे जातो. तो दाण्याच्या लांबीच्या पाऊण भागापर्यंत आला की थांबवायचं. आम्ही दाणा दोन बोटांत चिरडून बघतो. आतला भाग खडूसारखा पसरला तर झालं, गोळी राहिली तर अजून वेळ आहे. मग गरम हवेने वाळवायचा. वाळवणीच्या खोलीत पहाटे जो वास येतो तो काकडीपासून सुरू होतो आणि ताज्या बिस्किटावर संपतो.

हे वाचताना कुणाला नाचणीसत्त्व आठवलं का? तेच तंत्र! मोड आले की दाण्यात पिठूळ भाग फोडणारी द्रव्यं तयार होतात, म्हणून बाळाची पेज पातळ राहते आणि पचते. माझ्या आजीच्या ओल्या फडक्यातली नाचणी आणि माझ्या कारखान्यातले टनभर जव एकाच नियमाने चालतात.

आम्हाला दोन ओळींचा जव आवडतो. ओंबीच्या प्रत्येक पेरावर तीन फुलं असतात. तिन्ही भरली तर सहा ओळी दिसतात, फक्त मधलं भरलं तर दोन. दोन ओळींचा दाणा टपोरा आणि एकसारखा, म्हणून सगळे एकदम मोडावर येतात. आपल्याकडचा पारंपरिक जव बहुतेक सहा ओळींचा.

घटाला पर्ल बार्ली पेरू नका, रुजणार नाही. घासताना कोंबाची जागाच जाते.

खर्दुंगला

लडाखमध्ये तीन उन्हाळे शिकवायला होतो. तिथला जव बिनटरफलाचा असतो, मळला की गव्हासारखा मोकळा. त्याला नस म्हणतात. मोठ्या कढईत वाळू तापवून त्यात दाणे भाजतात, चाळतात, आणि ओढ्यावरच्या पाणचक्कीत दळतात. चक्कीला रांतक म्हणतात. आत वाकून शिरावं लागतं, पिठाचा धूर भरलेला आणि वास थेट आपल्या फुटाण्याच्या भट्टीचा. ते पीठ लोणी घातलेल्या खारट चहात बोटांनी मळून गोळा करायचा, खोलक म्हणतात. शिजवणं नाही, इंधन नाही. माझ्या घरमालकीणबाईंनी पहिल्या दिवशी माझा गोळा बिघडलेला पाहून वाटी हातातून घेतली आणि स्वतः मळून दिला.

पोथीवाला काकांचा सक्तू बघायचा असेल तर तिथे जावं. भाजलेला, दळलेला, जवाचाच.

पोथीवाला

खर्दुंगला, फार छान. एक आठवलं म्हणून जोडतो. कौटिल्याच्या मोजमापात आठ यवांच्या जाडीचं एक अंगुल. इंग्लंडातही तीन जवांचा इंच होता, आणि त्यांच्या चपलेचा नंबर आजही एकेका जवाने, म्हणजे इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याने वाढतो.

माळरान

दोन गुंठ्यांचं ठरलं. नदीकडची मुरमाड पट्टी. नोव्हेंबरात पेरतो आणि इथेच कळवतो.

परसदार

उशिरा लिहितेय, पण सगळं वाचत होते.

आधी पर्ल आणला. मसालेभातासारखा केला: तोंडली, मटार, गोडा मसाला, वरून खोबरं-कोथिंबीर. आईने पूर्ण वाटी संपवली. "साबुदाण्यासारखा दाताखाली येतो, पण चिकट नाही," म्हणाली. मग हातसडीचा मिळाला, भुसारवाल्याने दोन दिवसांत मागवून दिला. त्याची खिचडी मला जास्त आवडली, तिला चावायला जड गेली.

आणि मग आईनेच विषय काढला. "एकदा पिठातही घालून बघू." एक वाटी सातू, एक वाटी गहू, एक वाटी डाळं. ती स्वतः गॅसपाशी खुर्ची घेऊन बसली. गहू भाजताना तडतडतो, हा तसा तडतडत नाही, गुपचूप फुगतो आणि एकदम वास सोडतो. तिने दोनदा दाणा दाताखाली घेऊन पाहिला, मगच कढई उतरवायला सांगितली. गिरणीवाल्या दादांनी शेवटी डाळं टाकून पाती साफ करून घेतली.

आईने गुळाऐवजी ताक-मिठात कालवलं. साखरेचं काय ते तीन महिन्यांनी तपासणीत कळेल. पीठ जरा राखाडी दिसतं आणि ताक नेहमीपेक्षा जास्त पितं. माझ्या अंदाजाने घातलेलं कमी पडलं, भांडं पुढे करून ती म्हणाली, "अजून घाल, दाटतंय."